राखीव वीज : देखभाल आणि दूरनिरीक्षण

विजेचा पुरवठा केव्हा ना केव्हा खंडित होणारच, हे गृहीत धरून केलेली तरतूद म्हणजे राखीव वीज होय. रुग्णालये, दूरध्वनी केंद्रे, विमानतळ, खाणी, अणुवीज केंद्रे अशा ठिकाणी काही मिनिटांचा अंधारही माणसांच्या जिवावर बेतू शकतो. म्हणून तेथे मुख्य पुरवठ्याच्या जोडीला विद्युत् घटमाला, म्हणजे आपल्या नित्य परिचयाच्या बॅटऱ्या, आणि डिझेलवर चालणारी जनित्रे बसविलेली असतात. ३० जुलै २०१२ रोजी पहाटेपूर्वी उत्तर भारताचे विद्युत् जाळे कोसळले आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी उत्तर, पूर्व व ईशान्य ही तिन्ही जाळी एकदम बंद पडली. साठ कोटींहून अधिक लोकांच्या प्रदेशात वीज नाहीशी झाली. आगगाड्या जागच्या जागी थांबल्या, दिल्लीची मेट्रो थबकली आणि बंगालमधील कोळशाच्या खाणींत, पाळणे बंद पडल्यामुळे, सुमारे दोनशे कामगार काही तास जमिनीखाली अडकून राहिले. त्या दोन दिवसांत असंख्य रुग्णालयांतील शस्त्रक्रिया राखीव विजेवरच पार पडल्या.

तथापि राखीव यंत्र बसविले म्हणजे राखीव वीज मिळालीच, असे मात्र नाही. यंत्र विकत घेणे हे एका दिवसाचे काम आहे. ते दहा वर्षांनंतरच्या एखाद्या अवेळी, पूर्वसूचनेशिवाय, काही सेकंदांत चालू होईल अशा स्थितीत ठेवणे हे त्या दहाही वर्षांचे काम आहे. या दुसऱ्या कामाचा विचार या प्रकरणात करावयाचा आहे.

राखीव व्यवस्थेची रचना

राखीव व्यवस्थेचे साधारणपणे दोन थर असतात. पहिला थर घटमालेचा. मुख्य पुरवठा गेल्याक्षणीच ती वीज देऊ लागते. तिला सुरू करावे लागत नाही. परंतु तिच्यातील साठा मर्यादित असतो. दुसरा थर डिझेल जनित्राचा. इंधन मिळेल तोवर ते चालते, पण स्थिर गतीला येऊन भार उचलण्यास त्याला काही सेकंद लागतात. अतिदक्षता विभागासारख्या ठिकाणी हा अवधी दहा सेकंदांच्या आत असावा, असा दंडक अनेक देशांत पाळला जातो. ही मधली दरी घटमाला भरून काढते. पुरवठा गेल्याचे ओळखणारा, जनित्राला चालू होण्याची आज्ञा देणारा आणि भार एका मार्गावरून दुसऱ्या मार्गावर नेणारा स्वयंचलित स्विच हा या दोन थरांना जोडणारा सांधा होय.

भारतातील जड पाण्याच्या अणुभट्ट्यांत हीच कल्पना अधिक काटेकोरपणे राबविलेली आढळते. तेथे विजेच्या चार श्रेणी मानतात. चौथी श्रेणी बाहेरच्या जाळ्यातून येणाऱ्या विजेची, तिसरी डिझेल जनित्रांची, दुसरी घटमालेतून परिवर्तकाद्वारे मिळणाऱ्या प्रत्यावर्ती प्रवाहाची आणि पहिली थेट घटमालेतून येणाऱ्या एकदिश प्रवाहाची. श्रेणीचा आकडा जितका लहान, तितका तो पुरवठा अधिक भरवशाचा असावा, अशी अपेक्षा असते. खंड मुळीच चालणार नाही अशी उपकरणे पहिल्या दोन श्रेणींवर असतात. थोडा खंड सोसू शकणारे मोठे पंप तिसऱ्या श्रेणीवर असतात.

वाट पाहणाऱ्या यंत्राचा स्वभाव

रोज चालणाऱ्या यंत्रात बिघाड झाला की तो लपून राहत नाही. पिठाच्या गिरणीचा पट्टा तुटला, तर गिरणी थांबते आणि गिऱ्हाईकच ओरडून सांगते. राखीव यंत्राचे तसे नसते. त्याची सुरुवात करून देणारी बॅटरी आज निकामी झाली, तरी आज काहीच घडत नाही. यंत्र कालही स्तब्ध होते आणि आजही स्तब्ध आहे. बाहेरून पाहणाऱ्यास निरोगी स्तब्धता आणि मृत स्तब्धता यांतील फरक दिसत नाही. तो फरक कळतो तो नेमका मुख्य पुरवठा जातो त्या क्षणी, म्हणजे ज्या क्षणी तो कळून काहीच उपयोग नसतो.

यास्तव राखीव यंत्राच्या देखभालीत दोन भिन्न कामे येतात. झीज होऊ न देणे हे पहिले. लपलेला बिघाड मुद्दाम उघडकीस आणणे हे दुसरे. पहिल्या कामाला निगा म्हणावे, दुसऱ्याला चाचणी. पुष्कळ संस्थांत निगा राखली जाते, यंत्र पुसूनपासून लखलखीत ठेवलेले असते. पण चाचणी मात्र टाळली जाते.

घटमालेची निगा

मोठ्या राखीव व्यवस्थांत आजही शिसे-अम्ल घट मोठ्या प्रमाणावर वापरले जातात. १८५९ मध्ये गास्तों प्लान्ते या फ्रेंच शास्त्रज्ञाने प्रथम सिद्ध केलेल्या या घटाचा दाब सुमारे २ व्होल्ट असतो. दूरध्वनी केंद्रात असे २४ घट एकापुढे एक जोडून ४८ व्होल्टची माला तयार करतात. माला पूर्ण भारित राहावी म्हणून तिला सतत किंचित वरच्या दाबाने, घटामागे सुमारे २.२ ते २.३ व्होल्टने, अल्प प्रवाह दिला जातो. हा दाब कमी पडला, तर पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात आणि घटाची धारणशक्ती घटते. तो अधिक झाला, तर पाण्याचे विघटन होते, पट्ट्या गंजतात आणि हायड्रोजन वायू निर्माण होतो. हवेत हायड्रोजनचे प्रमाण सुमारे ४ टक्क्यांवर गेले की ठिणगीसरशी स्फोट होऊ शकतो. म्हणून बॅटरीच्या खोलीत हवा खेळती असणे अत्यावश्यक आहे.

उष्णता हा घटाचा मोठा शत्रू. सर्वसाधारण अनुभव असा की, २५ अंश सेल्सिअसच्या वर दर आठ ते दहा अंशांमागे शिसे-अम्ल घटाचे आयुष्य निम्म्यावर येते. आपल्याकडील उन्हाळ्यात बंद, पत्र्याच्या खोलीत ठेवलेली दहा वर्षांची माला तीन-चार वर्षांतच का संपते, याचे उत्तर या नियमात आहे. उघड्या प्रकारच्या घटांत ऊर्ध्वपातित पाणीच घालावे, नळाचे नव्हे. जोडण्यांवरील गंज काढून त्या घट्ट कराव्यात. प्रत्येक घटाचा दाब आणि अम्लाचे विशिष्ट गुरुत्व वेगवेगळे मोजून नोंदवावे. माला ही साखळीसारखी असते. तिच्यातील एकच घट दुबळा निघाला, तरी सबंध मालेचा प्रवाह तेथे अडतो.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावयास हवी. भारित होत असलेल्या मालेचा दाब मोजला आणि तो बरोबर आढळला, म्हणजे माला सुदृढ आहे असे सिद्ध होत नाही. तो दाब भारण करणाऱ्या यंत्राचा असतो. मालेत किती वीज साठली आहे, हे तिच्यातून प्रत्यक्ष वीज काढून पाहिल्याखेरीज निश्चितपणे कळत नाही. म्हणून ठरावीक काळाने मालेवर ज्ञात भार टाकून ती किती वेळ टिकते हे मोजतात. मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांपर्यंत ती उतरली की बदलावी, असा सर्वमान्य संकेत आहे. कारण त्यानंतरची घसरण फार वेगाने होते.

डिझेल जनित्राची निगा

डिझेल एंजिन हे दणकट यंत्र आहे. परंतु त्याचा दणकटपणा चालण्यातला आहे, थांबून राहण्यातला नव्हे. जनित्र ऐन वेळी सुरू न होण्याचे सर्वांत सामान्य कारण एंजिनात नसून त्याला पहिला धक्का देणाऱ्या लहानशा बॅटरीत असते. तिचा भारक बंद पडलेला असतो, किंवा तिच्या जोडणीवर पांढरा क्षार जमलेला असतो. दुसरे कारण इंधनाचे. टाकीत महिनोन्महिने पडून राहिलेल्या डिझेलखाली हवेतील दमटपणामुळे पाणी साचते. पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर सूक्ष्म जीव वाढतात. त्यांचा बुळबुळीत गाळ गाळणीत अडकतो आणि एंजिन सुरू होऊन काही मिनिटांत गुदमरते. टाकीच्या तळाशी साचलेले पाणी वेळोवेळी काढणे आणि गाळणी बदलणे हे काम दिसायला क्षुल्लक आहे, पण त्यावर सर्व काही अवलंबून असते. वंगणतेल, शीतक पाणी, रबरी नळ्या, पंख्याचा पट्टा यांचेही तसेच. वंगणतेल यंत्र किती तास चालले यावर बदलतात. पण यंत्र फारसे चाललेच नाही, तरी ते वर्षातून एकदा बदलणे इष्ट.

चाचणी कशी करावी, याविषयी एक गैरसमज रूढ आहे. दर सोमवारी पाच मिनिटे जनित्र नुसते चालवून बंद करणे, याला अनेक ठिकाणी चाचणी समजतात. भाराविना चालणारे एंजिन पुरेसे तापत नाही. त्यामुळे डिझेल पूर्णपणे जळत नाही आणि न जळलेल्या इंधनाचा काळा, ओला थर धुराड्यात व झडपांवर साचतो. अशा चाचणीने यंत्र सुधारण्याऐवजी बिघडते. म्हणून महिन्यातून एकदा निदान अर्धा तास, निर्धारित क्षमतेच्या ३० टक्क्यांहून कमी नसलेल्या भारावर जनित्र चालवावे, असा नियम प्रचलित आहे. संस्थेचा स्वतःचा भार तेवढा नसल्यास विद्युत् तापकांचा कृत्रिम भार जोडतात. शिवाय ही चाचणी हाताने कळ दाबून न करता मुख्य पुरवठा प्रत्यक्ष तोडून करावी. तेव्हाच पुरवठा गेल्याचे ओळखणे, आज्ञा देणे, भार बदलणे ही सबंध साखळी तपासली जाते. शल्यविशारदांना व परिचारिकांना पूर्वसूचना देऊन, सोयीच्या वेळी केलेला दहा सेकंदांचा अंधार हा अवेळी येणाऱ्या दहा तासांच्या अंधारापेक्षा केव्हाही बरा.

चाचणीचे साधे गणित

चाचणी किती वारंवार करावी, हे केवळ शिस्तीचे नव्हे, तर हिशेबाचेही काम आहे. उदाहरणादाखल असे धरू की, एखाद्या जनित्रात सरासरीने दोन वर्षांतून एकदा असा बिघाड होतो की ज्यामुळे ते सुरू होणार नाही. चाचणी वर्षातून एकदाच होत असेल, तर हा बिघाड महिनोन्महिने लपून राहतो. हिशेब केला असता, कोणत्याही एका क्षणी वीज गेली तर ते यंत्र निकामी असण्याची शक्यता सुमारे पाचात एक येते. चाचणी दरमहा केली, तर बिघाड सरासरी पंधराच दिवस लपतो आणि ही शक्यता पन्नासात एक इतकी उतरते. यंत्र तेच, बिघाडांची संख्याही तीच. केवळ अज्ञानाचा काळ कमी केल्याने एवढा फरक पडला.

हाच काळ आणखी कमी करता आला तर? बिघाड झाल्याबरोबर कोणाला तरी कळला आणि दोन दिवसांत दुरुस्त झाला, तर निकामी असण्याची शक्यता सुमारे ३६५ मध्ये एक इतकीच उरते. दूरनिरीक्षणाचे सारे महत्त्व या एका आकड्यात सामावलेले आहे.

दूरनिरीक्षण

दूरनिरीक्षण म्हणजे यंत्राजवळ माणूस नसताना त्याची स्थिती दूरवर कळण्याची व्यवस्था. यंत्रावर लहान लहान संवेदक बसवितात. ते बॅटरीचा दाब व तापमान, टाकीतील डिझेलची पातळी, वंगणतेलाचा दाब, शीतक पाण्याचे तापमान आणि स्विचची स्थिती मोजतात. जवळच्या पेटीतील उपकरण ही मापे गोळा करते आणि तारेने अथवा भ्रमणध्वनीच्या जाळ्यातून मध्यवर्ती केंद्राकडे धाडते. एखादे माप ठरलेल्या मर्यादेबाहेर गेले की केंद्रात इशारा होतो आणि संबंधित तंत्रज्ञास निरोप जातो.

भारतात या व्यवस्थेचा विस्तार भ्रमणध्वनीच्या मनोऱ्यांमुळे फार झाला. डोंगरमाथ्यावर किंवा गावाबाहेर उभ्या असलेल्या मनोऱ्याशी माणूस ठेवणे परवडत नाही, आणि वीज तर वारंवार जाते. तेथील घटमालेचा दाब, खोलीचे तापमान, दार उघडल्याची सूचना आणि डिझेलची पातळी ही शेकडो किलोमीटर दूर बसलेला माणूस पाहतो. डिझेलची पातळी जनित्र बंद असताना एकाएकी उतरली, तर ती गळती असते किंवा चोरी. दोहोंचाही शोध घ्यावा लागतो.

दुसरे उदाहरण लशींच्या साठवणुकीचे. बहुतेक लशी २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवाव्या लागतात. ग्रामीण भागातील शीतपेट्यांच्या भिंतींत बर्फाचा थर असतो. वीज गेली तरी तो कित्येक तास आतील गारवा टिकवितो. येथे राखीव साठा विजेचा नसून थंडीचा आहे, एवढाच फरक. भारतात २०१५ मध्ये सुरू झालेल्या ई-विन या व्यवस्थेत अशा शीतपेट्यांचे तापमान संवेदकांद्वारे सतत नोंदले जाते आणि मर्यादा ओलांडल्यास जबाबदार कर्मचाऱ्याच्या भ्रमणध्वनीवर निरोप जातो. पूर्वी दिवसातून दोनदा तापमान वहीत लिहिले जाई. रात्रभर पेटी तापली, तरी सकाळी ती पुन्हा थंड झालेली असे आणि वहीला त्याचा पत्ताही नसे.

दूरनिरीक्षणाच्या मर्यादा

या साधनावर विसंबताना तीन मर्यादा ओळखून असणे आवश्यक आहे.

पहिली ही की, संवेदक जेथे आहे तेथलेच आपल्याला कळते, आणि तेही तो जे मोजतो तेवढेच. २८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेतील थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात जी दुर्घटना घडली, तिच्यात या गोष्टीचा धडा आहे. तेथे एक झडप उघडी अडकली होती आणि तिच्यातून शीतक पाणी निघून जात होते. नियंत्रण कक्षातील दिवा मात्र झडप बंद असल्याचे सुचवीत होता, कारण तो दिवा झडपेची स्थिती दाखवीतच नव्हता. झडपेला बंद होण्याची आज्ञा गेली आहे, एवढेच दाखवीत होता. त्याच दिवशी आणीबाणीचे राखीव पंप आपोआप सुरू झाले. पण त्यांच्या वाटेवरील झडपा आधीच बंद राहून गेल्या होत्या. ही गोष्ट आठ मिनिटे कोणाच्याच लक्षात आली नाही. तेथील एका दर्शक दिव्यावर दुरुस्तीची चिठ्ठी लोंबत होती. जनित्राच्या बाबतीतही असेच घडते. तंत्रज्ञ सुरक्षिततेसाठी स्विच ‘स्वयंचलित’वरून ‘बंद’वर आणतो, तेल बदलतो आणि निघून जातो. यंत्र उत्तम स्थितीत असते, पण ते कधीही सुरू होणार नाही. म्हणून स्विच ‘स्वयंचलित’वर नसल्याचा इशारा केंद्रात वाजावा, अशी सोय असणे फार मोलाचे ठरते.

दुसरी मर्यादा इशाऱ्यांच्या गर्दीची. थ्री माइल आयलंडमध्ये पहिल्या काही मिनिटांतच शंभराहून अधिक इशारे एकदम वाजू लागले आणि त्यांतील महत्त्वाचा कोणता, हे ओळखणे अशक्य झाले. दररोज पन्नास निरर्थक सूचना येत असतील, तर एक्कावन्नावी खरी सूचनाही वाचली जात नाही. इशारे थोडे असावेत, आणि प्रत्येक इशाऱ्यावर कोणी, किती वेळात, काय करावयाचे हे आधीच ठरलेले असावे.

तिसरी मर्यादा अलीकडे ध्यानात आली. जी वाट पाहण्यासाठी उघडली, तीच आज्ञा देण्यासाठीही वापरता येते. २३ डिसेंबर २०१५ रोजी युक्रेनमधील वीजवितरण कंपन्यांच्या संगणकांत शिरून हल्लेखोरांनी दुरूनच उपकेंद्रांतील ब्रेकर उघडले. सव्वादोन लाखांच्या आसपास ग्राहकांची वीज काही तास गेली. त्याच वेळी नियंत्रण कक्षाला वीज पुरविणारी यूपीएस यंत्रणाही तिच्या दूरनियंत्रणाच्या सोयीचा वापर करून बंद पाडण्यात आली. अंधार दूर करण्यासाठी धडपडणारे लोक स्वतःच अंधारात सापडले. म्हणून शक्य तेथे राखीव यंत्राविषयीची माहिती बाहेर जाऊ द्यावी. बाहेरून आज्ञा आत येऊ देऊ नये.

सर्व राखीव साधने एकदम बंद पडतात तेव्हा

एका जनित्रावर भरवसा नसेल तर दोन बसवावीत, हा विचार सहज सुचतो. वरच्याच हिशेबाने, पन्नासात एक वेळा निकामी असणारी दोन यंत्रे एकाच वेळी निकामी असण्याची शक्यता अडीच हजारांत एक इतकी अल्प येते. मात्र हा हिशेब खरा ठरण्यास दोन्ही यंत्रांचे बिघाड परस्परांशी असंबद्ध असावे लागतात. प्रत्यक्षात टाकी एक असते, खोली एक असते, तारांचा मार्गही एकच असतो.

३१ मार्च १९९३ रोजी पहाटे उत्तर प्रदेशातील नरोरा अणुवीज केंद्राच्या पहिल्या संचात टर्बाइनची दोन पाती तुटली. त्यामुळे उत्पन्न झालेल्या भयंकर कंपनांनी तेलाच्या नळ्या फुटल्या, हायड्रोजन बाहेर पडला आणि आग भडकली. ती तारांच्या मार्गांनी पसरत गेली. मुख्य आणि राखीव पुरवठ्याच्या तारा पुरेशा विलग न ठेवता जवळजवळ नेलेल्या होत्या, आणि त्यांना आगीपासून पुरेसे संरक्षणही नव्हते. परिणामी कागदावर चार असलेल्या श्रेणी प्रत्यक्षात एकाच आगीत निकामी झाल्या आणि तो संच सुमारे १७ तास विजेविना राहिला. अणुभट्टी तत्काळ बंद केली गेली होती. परंतु बंद भट्टीतही उष्णता निर्माण होतच असते आणि ती बाहेर काढावीच लागते. नियंत्रण कक्षात धूर भरल्याने तो सोडावा लागला. अशा अवस्थेत तेथील कर्मचाऱ्यांनी आग विझविण्यासाठी ठेवलेले, डिझेल एंजिनावर स्वतंत्रपणे चालणारे पंप सुरू करून बाष्पजनित्रांत पाणी सोडले आणि भट्टीत बोरॉन मिसळून ती पुन्हा प्रज्वलित होणार नाही याची खात्री केली. किरणोत्सर्ग बाहेर पडला नाही. चार श्रेणींपैकी कोणतीही कामास आली नाही. कामास आले ते त्यांच्याशी कशानेही न जोडलेले साधन.

२९ ऑक्टोबर २०१२ च्या रात्री न्यूयॉर्क शहरावर सँडी वादळ आले, तेव्हा याच सत्याचा वेगळ्या रूपात प्रत्यय आला. बेलव्ह्यू रुग्णालयाची राखीव जनित्रे पुराच्या आवाक्याबाहेर, १३व्या मजल्यावर होती. परंतु त्यांना इंधन चढविणारे पंप तळघरात होते आणि तळघर पाण्याने भरले. डॉक्टर, कर्मचारी आणि सैनिक यांनी जिन्यावर रांग करून हातोहात डिझेलचे डबे वर पोहोचविले आणि जनित्रे चालू ठेवली. जवळच्याच दुसऱ्या रुग्णालयाची वीज त्या रात्री गेली. तीनशेहून अधिक रुग्णांना, त्यांत नवजात अर्भकेही होती, जिने उतरून हलवावे लागले. ज्या जनित्राची दरमहा चाचणी होते, त्याचा पंप पाण्याखाली गेल्यास काय होईल, हे ती चाचणी सांगू शकत नाही. त्यासाठी डिझेलच्या टाकीपासून रुग्णाच्या खाटेपर्यंतचा सबंध मार्ग पायी चालून पाहावा लागतो.

सामान्य माणसाने विचारावयाचे प्रश्न

रुग्णालयाच्या विश्वस्त मंडळाचा सदस्य, नगरसेवक, शाळेचा मुख्याध्यापक किंवा सहकारी गृहसंस्थेचा चिटणीस हे काही अभियंते नसतात. तरी पाच प्रश्न त्यांना निश्चितच विचारता येतील. मुख्य पुरवठा तोडून, खऱ्या भारावर, शेवटची चाचणी केव्हा झाली? घटमालेतून प्रत्यक्ष वीज काढून तिची क्षमता केव्हा मोजली, आणि ती किती टक्के आढळली? टाकीत आज किती तासांचे डिझेल आहे आणि ते किती जुने आहे? रात्री दोन वाजता इशारा आला तर तो कोणाकडे जातो, आणि तो माणूस रजेवर असेल तर कोणाकडे? एक पूर, एक आग किंवा एक तुटलेली नळी अशी कोणती गोष्ट आपली सर्व राखीव साधने एकदम बंद पाडू शकेल?

या प्रश्नांची उत्तरे तोंडी न घेता नोंदवहीतून घ्यावीत. चांगल्या नोंदवहीत केवळ बरोबरच्या खुणा नसतात. मापे असतात, तारखा असतात, सह्या असतात आणि चाचणीत अपयश आल्याच्याही नोंदी असतात. ज्या वहीत वर्षानुवर्षे एकही अपयश नोंदलेले नाही, ती वही बहुधा यंत्राजवळ न जाताच भरलेली असते. चाचणीच्या दिवशी सुरू न झालेले जनित्र हे त्या संस्थेचे नुकसान नव्हे. त्या दिवशी उघड झालेला दोष आणीबाणीच्या रात्रीसाठी शिल्लक राहिला नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे.